आपली प्रकृती कशी आहे? : पाच चौकोनांच्या एका प्रश्नाबद्दल



पूर्वी घरून येणाऱ्या पत्राची पहिली ओळ ठरलेली असे. इकडे सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. मग पुढे दोन पाने आजोबांचा दमा, काकूंचे गुडघे आणि कोणाचे तरी नुकतेच झालेले ऑपरेशन. पण पहिली ओळ मात्र 'सर्व क्षेम'च! आपल्या माणसांना प्रकृतीबद्दल विचारले की जे उत्तर मिळते ते उत्तर असते की शिष्टाचार, हा प्रश्न आम्हाला तेव्हा कधी पडला नाही. तो पडला इथे, इंग्लंडमध्ये, मार्च २०२१ मध्ये, जनगणनेचा फॉर्म भरताना.

त्या वर्षी जनगणना मुख्यतः ऑनलाइन होती. घरी पत्राने एक कोड आला होता. रविवारी संध्याकाळी चहा घेत आम्ही लॅपटॉप उघडून बसलो आणि घरातल्या चौघांचीही माहिती आम्हीच भरली. प्रकृतीचा प्रश्न आला तेव्हा आईला हाक मारली, "आई, तुझी तब्येत कशी आहे गं?" स्वयंपाकघरातून उत्तर आले, "बरी आहे की! मला काय धाड भरली आहे?" पर्याय पाच होते: फार चांगली, चांगली, मध्यम, वाईट, फार वाईट. आम्ही 'चांगली'वर टिचकी मारली आणि पुढच्या पानावर गेलो. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी आणि जिना चढताना मधल्या पायरीवर घेतलेला विसावा, यातले काहीही त्या टिचकीत आले नाही.

आता हे आठवण्याचे कारण असे की मंडळाच्या आरोग्य शिबिरासाठी एक छोटी प्रश्नावली तयार करण्याचे काम समितीने आमच्यावर सोपवले आहे. ("तुम्ही आयटीवाले, तुम्हाला फॉर्म करायला काय लागते!") आम्ही डॉक्टर नाही, इंजिनियर आहोत. पण आकडेवारी गोळा करण्याच्या पद्धतीत कुठे कुठे पाणी मुरते हे रोजच्या कामातून थोडेफार कळते, म्हणून या एका प्रश्नाबद्दल वाचायला घेतले आणि वाचतच गेलो. त्यातले सभासदांना उपयोगी वाटेल ते इथे मांडतो आहोत.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न कधीपासून?

सरकारच्या घरोघरच्या पाहण्यांमध्ये हा प्रश्न जुना आहे. जनरल हाउसहोल्ड सर्व्हे ही पाहणी १९७१ साली सुरू झाली आणि तिच्यात 'गेल्या बारा महिन्यांत तुमची प्रकृती एकंदरीत कशी होती' हे १९७७ पासून विचारले जाऊ लागले. १९९१ मध्ये खास आरोग्यासाठी हेल्थ सर्व्हे फॉर इंग्लंड सुरू झाला. जनगणनेत मात्र १९९१ साली फक्त दीर्घ आजाराविषयी विचारले होते. रोजच्या व्यवहारावर मर्यादा आणणारा आजार आहे का, हो किंवा नाही, एवढेच. प्रकृतीचा थेट प्रश्न इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत प्रथम आला तो २९ एप्रिल २००१ रोजी. आपल्यापैकी जे त्या सुमारास वर्क परमिटवर इथे आले त्यांनी तो फॉर्म भरलाही असेल. तेव्हा पर्याय तीन होते: चांगली, बऱ्यापैकी चांगली आणि चांगली नाही.

२७ मार्च २०११ च्या जनगणनेत प्रश्न बदलला. 'गेल्या बारा महिन्यांत' गेले, 'एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे' एवढेच उरले, आणि पर्याय तीनाचे पाच झाले. युरोपातल्या इतर देशांच्या पाहण्यांमध्ये हीच पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात, त्यांच्याशी तुलना करता यावी हा त्यामागचा एक हेतू. २१ मार्च २०२१ ला तोच प्रश्न तसाच ठेवला. (स्कॉटलंडमधील सभासदांची जनगणना कोविडमुळे एक वर्ष पुढे गेली आणि मार्च २०२२ मध्ये झाली.)

आता गंमत पाहा. २००१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या शंभरातल्या सुमारे ६९ जणांनी 'चांगली' म्हटले, २२ जणांनी 'बऱ्यापैकी चांगली' आणि ९ जणांनी 'चांगली नाही'. म्हणजे वरचे दोन गट मिळून ९१. दहा वर्षांनी 'फार चांगली' आणि 'चांगली' मिळून झाले ८१. मधल्या काळात दर दहातला एक माणूस आजारी पडला काय? मुळीच नाही. २००१ च्या तीन पर्यायांत दोन पर्याय चांगल्याचेच होते, त्यामुळे 'ठीकठाक' असलेला माणूस चांगल्यांच्या रांगेत बसत होता. २०११ मध्ये त्याला 'मध्यम' नावाची स्वतःची खुर्ची मिळाली आणि तो उठून तिथे गेला. आणि उलट बाजूने पाहिले, तर तळाचा गट ९ वरून ५-६ वर आला, म्हणजे प्रकृती सुधारली असेही कोणी म्हणेल! दोन्ही निष्कर्ष तितकेच चुकीचे. बदलली ती पट्टी. २०२१ मध्ये, पट्टी तीच असताना, वरच्या दोन गटांचा आकडा पुन्हा ८१-८२ च्याच घरात राहिला. अर्थात ते कोविडचे वर्ष. आजूबाजूला इतके आजारपण असताना स्वतःची प्रकृती लोकांना जास्त चांगली वाटली असेल की कमी, हे सांगणे अवघड आहे, आणि सांख्यिकी कार्यालयानेही आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात घ्या असे म्हटले आहे.

याहून बोलके उदाहरण ब्रिटिश हाउसहोल्ड पॅनेल सर्व्हेचे. १९९१ ते २००८ या काळात त्यांनी त्याच त्या कुटुंबांना दर वर्षी भेटून प्रश्न विचारले. आठ वर्षे प्रश्न होता: तुमच्या वयाच्या लोकांच्या तुलनेत गेल्या बारा महिन्यांत प्रकृती कशी होती? उत्तरे: उत्कृष्ट, चांगली, मध्यम, कमकुवत, फार कमकुवत. १९९९ च्या फेरीत तिथे अमेरिकेत प्रचलित असलेला प्रश्न बसवला. वयाची तुलना गेली, बारा महिने गेले, वरती 'फार चांगली' ही पायरी वाढली आणि खालची 'फार कमकुवत' गळाली. माणसे तीच, पण त्या वर्षाचे आकडे आधीच्या वर्षांशी जुळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी निमूटपणे जुना प्रश्न परत आणला. आमच्या धंद्यात याला चालू प्रणालीत फील्डचा अर्थ बदलणे म्हणतात, आणि असे करणाऱ्याला शुक्रवारी रात्री घरी जाऊ देत नाहीत!

एवढा ढोबळ प्रश्न, मग विचारायचाच कशाला?

आम्हालाही हेच वाटले होते. रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते, 'कसे वाटते' हे काय मोजायचे? पण उत्तर आश्चर्यकारक आहे. हा प्रश्न माणूस किती जगेल याचा अंदाज फार चांगला देतो.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात १९७१ मध्ये ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांना त्यांची प्रकृती विचारली होती. मोसी आणि शॅपिरो या दोन संशोधकांनी पुढच्या वर्षांतले मृत्यू तपासून १९८२ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांनी आपली प्रकृती वाईट सांगितली होती त्यांना पहिल्या काही वर्षांत मृत्यूचा धोका उत्कृष्ट म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. आणि हे वय, स्त्री-पुरुष भेद आणि डॉक्टरी नोंदींवरून कळणारे आजार हिशोबात धरल्यानंतर. १९९७ मध्ये आयडलर आणि बेन्यामिनी यांनी निरनिराळ्या देशांतले असे २७ अभ्यास एकत्र वाचले. बहुतेकांमध्ये हेच दिसले.

इथल्या यूके बायोबँकचे उदाहरण तर अलीकडचे. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे पाच लाख लोकांनी त्यात भाग घेतला. (आपल्यातल्याही काहींना तेव्हा आमंत्रणाची पत्रे आली असतील.) त्यांच्याविषयीच्या ६५५ गोष्टी स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी पाच वर्षांतल्या मृत्यूंशी ताडून पाहिल्या आणि २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केल्या. पुरुषांमध्ये सगळ्यात सरस ठरला तो हाच प्रश्न. रक्ताच्या तपासण्या नव्हेत, वजन-उंची नव्हे, 'तुमची प्रकृती कशी आहे' हा. स्त्रियांमध्ये पूर्वी झालेल्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागला.

असे का व्हावे? याचे पूर्ण उत्तर कोणाकडे नाही, पण अंदाज समजण्यासारखा आहे. डॉक्टरांच्या फाइलमध्ये जे येते ते तुकड्यातुकड्यांनी येते. माणसाला स्वतःबद्दल जास्त ठाऊक असते. वडील कोणत्या वयात गेले, गेल्या वर्षी बाजारातून पिशवी घेऊन येताना दम लागत नव्हता आणि यंदा लागतो, झोप कशी लागते, कुठल्या औषधाच्या गोळ्या आपण गुपचूप टाळतो. हे सगळे मनातल्या मनात जुळवून तो एक शब्द सांगतो. अट एकच, तो शब्द त्याने स्वतः सांगितला पाहिजे.

याच एका उत्तरावर ब्रिटनमधला एक मोठा आकडा उभा आहे. वर्तमानपत्रात 'निरोगी आयुर्मान' हा शब्द आपण वाचतो. तो काढताना कोणाची डॉक्टरी तपासणी होत नाही. अॅन्युअल पॉप्युलेशन सर्व्हेमध्ये प्रत्येक वयोगटातल्या किती लोकांनी 'फार चांगली' किंवा 'चांगली' सांगितले ते घेतात आणि त्या प्रमाणात त्या त्या वयातली जगण्याची वर्षे मोजतात. ही रीत अमेरिकेतल्या सलिव्हन यांनी १९७१ मध्ये मांडली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांसाठी इंग्लंडमध्ये पुरुषांचे आयुर्मान ७९.४ वर्षे आणि निरोगी आयुर्मान ६३.१ वर्षे निघाले. स्त्रियांचे अनुक्रमे ८३.१ आणि ६३.९. म्हणजे स्त्रिया पुरुषांपेक्षा पावणेचार वर्षे जास्त जगतात, पण त्यातले वर्षसुद्धा धड निरोगी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत २०३५ पर्यंत निरोगी आयुर्मान पाच वर्षांनी वाढवण्याचे उद्दिष्ट होते. एवढे मोठे उद्दिष्ट, आणि मोजमाप म्हणजे कोणीतरी दारात किंवा फोनवर दिलेले एका शब्दाचे उत्तर!

तक्रार कोण करतो?

इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते. दोन माणसांची प्रकृती सारखीच असूनही एक 'चांगली' म्हणेल आणि दुसरा 'वाईट'. वाट्याला काय आले पाहिजे याविषयीची ज्याची त्याची अपेक्षा वेगळी.

अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर एक छोटा लेख लिहिला, तो मिळाला तर जरूर वाचावा. तेव्हा भारतात केरळमधली माणसे सर्वांत जास्त जगत, आणि आजारपणाच्या सर्वांत जास्त तक्रारीही तिथूनच येत. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि तक्रारीही कमी. अमेरिकेत तर केरळहूनही जास्त तक्रारी. शाळा आणि दवाखाना जवळ असलेल्या माणसाला गुडघेदुखी हा आजार वाटतो, नसलेल्याला ते वय वाटते. सेन यांनी आपल्या लेखनात आणखी एक जुना दाखला दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात एक पाहणी झाली होती. जवळपास निम्म्या विधुरांनी आपली प्रकृती बरी नसल्याचे किंवा यथातथा असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण शंभरात जेमतेम दोन-तीन! त्या बायकांची प्रकृती पुरुषांपेक्षा चांगली होती असे कोणी म्हणणार नाही. आपल्याला प्रकृती आहे आणि तिची विचारपूस होऊ शकते, हेच त्यांच्या हिशोबात नव्हते. हे वाचले आणि आम्हाला आमच्या आजीची आठवण झाली. तिला कधीही विचारा, उत्तर एकच, "मला काय होतंय?"

आपल्या भाषेतही या प्रश्नाच्या वाटेत काटे आहेत. 'बरी आहे' याचे काय करायचे? 'बरं वाटत नाही' म्हणजे आजारी, 'बरा झाला' म्हणजे आजारातून उठला, 'बरा मुलगा आहे' म्हणजे फार काही खास नाही. 'कसं काय, बरं आहे ना?' याला 'बरं आहे' हे तर नुसते उत्तरादाखल उत्तर. इंग्रजीतल्या पाच पायऱ्यांवर हा शब्द कुठे बसवाल? 'चांगली'वर की 'मध्यम'वर? स्पॅनिश भाषकांची हीच पंचाईत अमेरिकेत झाली आहे. तिथे 'मध्यम' या पायरीसाठी जो स्पॅनिश शब्द वापरला त्याचा अर्थ 'नेहमीसारखी' असा काहीसा होतो, म्हणून स्पॅनिशमध्ये मुलाखत दिली की तोच समाज अचानक जास्त आजारी दिसतो.

शिवाय आपण टोकाचे बोलत नाही. 'उत्तम' म्हणावे तर दृष्ट लागते. 'फार वाईट' म्हणावे तर वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. मग पाच पायऱ्यांतल्या दोन बाद झाल्या आणि सगळी गर्दी मधल्या तिनांत. 'देवाच्या कृपेने ठीक' आणि 'चाललंय आपलं' यांना तर पायरीच नाही. तरुण मंडळी याला हसतील, पण आम्ही समितीच्या बैठकीत सहज विचारून पाहिले, तर सातपैकी पाच जणांनी 'ठीक' म्हटले. सहाव्याने मॅरेथॉनचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

आपल्याकडेही हे मोजले गेले आहे

पुणे-नगर रस्त्याने गेलेल्या कोणालाही वढू बुद्रुक माहीत असेल. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी तिथे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७७ मध्ये याच वढूला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. (१९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.) २००२ पासून तिथे शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत प्रत्येक घरातले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवली जाते. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासाचा भाग म्हणून या गावांतल्या पन्नाशीपुढच्या सुमारे पाच हजार स्त्री-पुरुषांना त्यांची प्रकृती विचारली गेली. प्रश्न 'आज' कशी आहे असा, आणि मधला पर्याय इंग्रजीतच 'मध्यम' या अर्थाचा ठेवलेला.

घरोघरची मृत्यूनोंद आधीपासून चालू असल्यामुळे पुढे काय झाले तेही तपासता आले. डॉ. सिद्धिविनायक हिरवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. ज्यांनी प्रकृती वाईट सांगितली होती त्यांच्यात मृत्यू जास्त झाले होते. म्हणजे मॅनिटोबातल्या म्हाताऱ्यांना आणि शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांना स्वतःबद्दल जे कळते ते सारखेच खरे! आमच्या मनातली एक शंका यामुळे दूर झाली. आपली माणसे शिष्टाचार म्हणून काहीतरी सांगतात हे खरे असेल, पण घरी येऊन, त्यांच्या भाषेत, त्यांनाच विचारले तर त्या उत्तरात दम असतो.

लोकांच्या अपेक्षा वेगवेगळ्या असतात यावर एक उपायही अशा अभ्यासांत वापरतात. आधी कल्पित माणसांच्या छोट्या गोष्टी सांगायच्या. समजा एक काका आहेत. रोज देवळापर्यंत चालत जातात, पण परत येताना दोनदा बसावे लागते. रात्री गुडघे दुखून एकदा जाग येते. या काकांची प्रकृती कशी म्हणाल? कोणी 'चांगली' म्हणेल, कोणी 'वाईट'. मग त्याच माणसाला त्याची स्वतःची प्रकृती विचारायची. काकांना 'चांगली' म्हणणाऱ्याची पट्टी सैल आहे हे कळले, की त्याच्या स्वतःच्या 'चांगली'चा अर्थ लावता येतो. हार्वर्डचे गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही रीत सविस्तर मांडली. थोडक्यात, दोन घड्याळे जुळवायची तर दोघांनाही एकाच सूर्याकडे बघायला लावणे.

भारतात आता याहून मोठे काम झाले आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यातही हा प्रश्न आहे. आईवडील भारतात असलेल्या सभासदांना तो अहवाल चाळण्यासारखा आहे.

'इंडियन' या चौकोनातले आपण

इथल्या जनगणनेत आपण 'इंडियन'मध्ये मोजले जातो. पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती, साउथॉलचे पंजाबी, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नोकरीवर आलेले आपण, सगळे एकाच चौकोनात. मराठी कुटुंबांची प्रकृती कशी, हे त्या आकड्यांतून वेगळे निघत नाही. शिवाय जो समाज तरुण असतो त्याचे साधे आकडे चांगलेच दिसतात, म्हणून तुलना करताना वयाचा फरक काढून टाकावा लागतो. २००१ चे आकडे तसे काढले तेव्हा पाकिस्तानी आणि बांगलादेशी समाजांत 'चांगली नाही'चे प्रमाण सर्वांत जास्त आणि चिनी समाजात सर्वांत कमी निघाले. आणखी एक गोष्ट म्हणजे परदेशी नोकरीला येणारा माणूस मुळात धडधाकट असतो. आजारी माणूस सातासमुद्रापार जायच्या फंदात पडत नाही. त्यामुळे पहिली काही वर्षे आपले आकडे जरा जास्तच गुलाबी असतात. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह लवकर गाठतो हे इथले डॉक्टर जाणतात, म्हणून २०१३ पासून आपल्यासाठी वजनाची धोक्याची रेघही खाली आणलेली आहे: बीएमआय २५ ऐवजी २३. 'ठणठणीत' म्हणणाऱ्या चाळिशीतल्या मित्रांनी हा आकडा एकदा काढून पाहावा.

आता आईचे. जनगणनेनंतर सहा-सात महिन्यांनी तिच्या नेहमीच्या तपासणीचा फोन जीपीकडून आला. फोनवर आम्हीच दुभाषे. तिकडून विचारले, एकंदरीत कसे वाटते? आम्ही आईकडे पाहिले, ती म्हणाली "बरी आहे", आम्ही फोनवर सांगितले "फाईन". तिने पुढे मराठीत एवढेच जोडले होते की "हल्ली जरा दमायला होतं, एवढंच". हे 'एवढंच' आम्ही भाषांतरात गाळले. ते गाळण्याजोगे वाटले. पुढे महिनाभराने घरी आलेल्या मावशींनी तिचा फिकट चेहरा पाहून आम्हाला फैलावर घेतले, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन बरेच खाली गेले होते. औषधोपचाराने ते सुधारले आणि आई आता जिना न थांबता चढते. पण मुलांनी भरलेले उत्तर हे मुलांचे उत्तर असते, हे आम्ही तेव्हा शिकलो. जनगणनेतही घरातला एक जण सगळ्यांचे भरतो. हवा असेल तर घरातल्या कोणालाही स्वतःचा वेगळा फॉर्म मागता येतो, हे आम्हाला नंतर कळले.

शिबिराचा फॉर्म

या सगळ्यावरून आम्ही समितीपुढे जे ठेवले ते असे. प्रश्न एकच, जनगणनेतला, शब्दही तेच, म्हणजे निदान देशाच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. मराठीत 'बरी' हा शब्द कुठेही नाही. पर्याय: खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. पाचांतला कोणताही निवडला तरी वास्तुपुरुष ऐकत नाही, अशी तळटीप टाकायची सूचना आली होती, ती खजिनदारांनी हाणून पाडली.

हा प्रश्न फॉर्मच्या अगदी सुरुवातीला असेल आणि रक्तदाब, साखर मोजण्याआधीच भरून घ्यायचा आहे. यामागे कारण आहे. ऑस्ट्रेलियात १९९५ च्या आरोग्य पाहणीत काही लोकांना हाच प्रश्न एकाच बैठकीत दोनदा विचारला गेला, एकदा आरोग्याच्या इतर प्रश्नांआधी आणि एकदा नंतर. शंभरातल्या २८ जणांनी दुसऱ्या वेळी वेगळे उत्तर दिले! मध्ये फक्त काही प्रश्न आले होते. हातात रक्तदाबाचा आकडा पडल्यावर तर विचारायलाच नको.

पुढच्या वर्षी कोणाला यापेक्षा सुंदर शब्द सुचले तरी बदलायचे नाहीत. फॉर्मवर नाव नसेल, फक्त वयोगट आणि स्त्री/पुरुष. प्रकृतीची माहिती इथल्या कायद्याने खास जपण्याची गोष्ट आहे, आणि आपल्या मंडळात ऐंशीच्या पुढचे पुरुष दोनच असल्यामुळे सत्तरीपुढचे सगळे एकाच गटात घेतले आहेत. नाहीतर नाव न लिहूनही सगळ्यांना कळायचे.

ज्येष्ठांचे फॉर्म मुला-सुनांनी भरू नयेत. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना दोन स्वयंसेवक मराठीतून प्रश्न वाचून दाखवतील, आणि ते स्वयंसेवक त्यांच्या घरातले नसतील. मुलांनी त्या वेळात बाहेरच्या हॉलमध्ये बसावे. तिथे चहा आणि बटाटेवडे आहेत. (हो, आरोग्य शिबिरात बटाटेवडे. समितीत यावर मतदान झाले आणि आम्ही हरलो.)